हसायचे की नाही? : ‘महानिर्वाण’ आणि ‘बेगम बर्वे’ शिकवताना

पदवीच्या शेवटच्या वर्षाला सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ शिकवायला घेतले की पहिले दोन तास मी काही शिकवत नाही. भूमिका वाटून द्यायच्या आणि नाटक मोठ्याने वाचायचे, एवढेच काम असते. भाऊराव नावाचा चाळीतला गृहस्थ मरतो आणि आपल्या मरणाची हकिकत आपणच कीर्तनकाराच्या थाटात सांगू लागतो, ही कल्पना लक्षात येईपर्यंत वर्ग गोंधळलेला असतो. ती ध्यानात आली की हशा सुरू होतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका वाचनात एक मुलगी मध्येच थांबली. तिच्या आजोबांना जाऊन जेमतेम महिना झाला होता, हे मला ठाऊक होते. तिने विचारले, “मॅडम, इथे हसायचे आहे का?”

मी तिला पुस्तकी उत्तर दिले. ही ‘ब्लॅक कॉमेडी’ आहे, मराठीत ‘कृष्णविनोद’ म्हणतात, असे सांगून दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले. तिने ते वहीत उतरवून घेतले. तिचा प्रश्न मात्र तसाच राहिला. नाटकाचा प्रकार कोणता, हे तिने विचारलेच नव्हते. आपण कशाला हसतो आहोत आणि ते हसणे योग्य आहे का, एवढेच तिला हवे होते. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला ‘महानिर्वाण’ पुन्हा वाचावे लागले आणि त्यासोबत ‘बेगम बर्वे’ही. या लेखात मी त्याच उत्तराची मांडणी करते आहे.

थोडी पार्श्वभूमी

आळेकरांचा जन्म १९४९ चा. शिक्षणाने ते जीवरसायनशास्त्राचे. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे नोकरी केली आणि पुढे पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुखपद सांभाळले. व्यावसायिक रंगभूमीच्या तिकीटविक्रीवर त्यांचे पोट अवलंबून नव्हते. लोकांना काय आवडेल याचा हिशेब न करता लिहिण्याची मोकळीक त्यामुळे त्यांना मिळाली असावी.

दुसरी गोष्ट संस्थेची. १९७२ साली विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ डॉ. जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली आणि भास्कर चंदावरकरांच्या संगीतासह रंगमंचावर आले. त्याभोवती उठलेल्या वादातून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९७३ मध्ये पुण्यात थिएटर अकॅडमी स्थापन केली. ‘घाशीराम’च्या निर्मितीत आळेकर सहायक दिग्दर्शक होते. १९७४ मध्ये ‘महानिर्वाण’ आणि १९७९ मध्ये ‘बेगम बर्वे’ ही त्यांची नाटके याच संस्थेने केली, दिग्दर्शनही त्यांचेच होते. मधल्या १९७८ मध्ये संस्थेने पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्टवरून बेतलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ही केला. नाटकातले गाणे केवळ मनोरंजनासाठी नसते, तेच नाटकाचे म्हणणे मांडू शकते, हे या गटाने काही वर्षांत वेगवेगळ्या रीतींनी करून पाहिले.

तरीही ‘घाशीराम’ आणि ‘महानिर्वाण’ यांच्यात मोठा फरक आहे. ‘घाशीराम’मध्ये कीर्तन आणि लावणी शेजारी शेजारी येतात आणि त्यातून सत्तेचे ढोंग उघडे पडते. तिथे कोणाला हसायचे ते प्रेक्षकाला कळते. ‘महानिर्वाण’मध्ये असा खलपुरुष नाही. चाळीतली माणसे, विधवा झालेली बायको, गडबडलेला मुलगा आणि स्वतः मयत, एवढीच मंडळी. म्हणूनच तिथे हसणे अवघड होते.

कीर्तनाचा साचा

गोव्यात देवळांच्या उत्सवात आजही कीर्तन उभे राहते. त्यामुळे माझ्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांनी ते पाहिलेले असते. हा आमचा फायदा आहे आणि शिक्षकाने तो पहिल्याच तासाला करून घ्यावा. मी मुलांना कीर्तनाचे टप्पे सांगायला लावते. नमन, पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण, मध्ये नामाचा गजर, मग उत्तररंगात आख्यान आणि शेवटी आरती. मग विचारते, की यात कीर्तनकाराचे स्थान कोणते? उत्तर बहुधा बरोबर येते. तो कथेच्या बाहेर उभा असतो. कथेतला राजा मरतो, बाळ मरते, भक्ताची परीक्षा होते. कीर्तनकार ते सांगतो, रडवतो, मध्येच एखादा चुटका सांगून हसवतो आणि पुन्हा मूळपदावर येतो. श्रोत्यांच्या मनावर त्याचा अधिकार चालतो तो या बाहेर उभे राहण्यामुळे.

आळेकरांनी केलेला बदल एकच आहे. आख्यान सांगणारा आणि आख्यानात मरणारा एकच माणूस केला. बाकी साचा तसाच ठेवला. मराठीत ‘मेलो’ हे प्रथमपुरुषी क्रियापद फक्त जिवंत माणूस वापरतो. जिना चढून दमलो की ‘मेलो’, परीक्षेचा पेपर अवघड गेला की ‘मेलो’. खऱ्या अर्थाने ते वापरण्याची सोय भाषेने कोणालाच ठेवलेली नाही. भाऊरावाला ती मिळते. पहिले हसू येते ते या भाषिक अशक्यतेला. त्यात मृताची चेष्टा नाही.

दुसरे हसू साच्याच्या आशयातून येते. कीर्तनाची शिकवण म्हणजे देह नश्वर आहे, त्याचा मोह धरू नये. आणि इथे कीर्तनकाराच्या पवित्र्यात उभा असलेला भाऊराव हटून बसला आहे तो देहासाठीच. आपला देह जुन्या स्मशानातच जळला पाहिजे, नव्या विद्युतदाहिनीत नाही, असा त्याचा आग्रह आहे. जुने स्मशान तर बंद झालेले. त्यामुळे प्रेत राहते आणि खराब होऊ लागते. शरीराकडे दुर्लक्ष करायला शिकवणारा साचा आणि घरात पडून राहिलेले शरीर, या दोहोंची गाठ नाटकभर सुटत नाही. शेवटी मुलगा नाना बापाचा हट्ट आडवाटेने पुरा करतो. विधी पार पडतो, पण सरळ मार्गाने नाही. त्यामुळे त्यातून सुटका झाल्याचे समाधान आपल्याला मिळत नाही.

तिसरे हसू चाळकऱ्यांचे. मयताच्या घरी बोलायची वाक्ये आपल्या सगळ्यांना पाठ असतात. ‘कालच तर भेटले होते’, ‘सुटले बिचारे’, ‘आता तुम्हीच धीर धरायला हवा’. एकट्याने म्हटली तर ती सांत्वनाची वाटतात. चारपाच जणांनी एका लयीत म्हटली की त्यांचा समूहघोष होतो आणि त्यांतला पोकळपणा कानावर पडतो. पण मी मुलांना आणखी एक प्रश्न विचारते. ही वाक्ये पोकळ आहेत, तर मग आपण ती का म्हणतो? काही उत्तरे फार चांगली येतात. एका मुलाने सांगितले, “दुसरे काही सुचत नाही म्हणून.” मला वाटते, आळेकरांनाही ही माणसे दुष्ट वाटत नाहीत. त्यांच्याजवळ शोकाचा साचा आहे, पण साच्यात घालायला शोक उरलेला नाही. शोक करणाऱ्या रमेचे मनसुद्धा चाळीतल्याच एका पुरुषाकडे ओढ घेऊ लागते. तिला वैधव्याचा साचा मिळालेला आहे. त्या साच्यात मावत नाही असे तिचे जगणे अजून शिल्लक आहे.

नाटकाचे नावही असेच आहे. महानिर्वाण हा शब्द थोरांच्या मृत्यूसाठी राखून ठेवलेला. तो चाळीतल्या भाऊरावाला दिला की शब्द मोठा आणि प्रसंग लहान, अशी विसंगती नावापासूनच तयार होते. गौरी देशपांडे यांनी इंग्रजीत भाषांतर करताना ‘द ड्रेड डिपार्चर’ असे नाव घेतले. भीती आणि जाणे त्यात आले, पण मराठी शब्दातली ही उंची त्यात येणे कठीणच होते.

‘असंगत’ म्हणून मोकळे होऊ नये

मार्गदर्शक पुस्तकांत या नाटकांपुढे ‘असंगत नाट्य’ अशी पाटी असते. पाटी चुकीची नाही, पण घाईची आहे. तुलनेसाठी मी युजीन आयनेस्को यांच्या १९५४ सालच्या ‘आमेदे’ या नाटकाचे कथानक वर्गात सांगते. तिथेही घरात एक प्रेत आहे आणि ते निघत नाही. उलट ते वाढत जाते, घर व्यापते. पण ते प्रेत मुके आहे. ते नेमके कोणाचे, हेही पक्के ठरत नाही. नवराबायको ते शेजाऱ्यांपासून लपवून ठेवतात. आळेकरांच्या नाटकात नेमके उलटे आहे. प्रेत बोलते, गाते, त्याला नावगाव आहे, सगळ्या चाळीला त्याची खबर आहे आणि जो तो सल्ला द्यायला हजर आहे. आयनेस्कोच्या जोडप्यापाशी मृत्यूला सामोरे जाण्याची कोणतीच रीत उरलेली नाही. भाऊरावाच्या चाळीत रीतींची रेलचेल आहे आणि तरी मयत निघत नाही. एकच कल्पना दोन समाजांत किती वेगळी वागते, हे या जोडीने मुलांच्या लगेच लक्षात येते. त्यानंतर ‘असंगत’ हा शब्द वापरला तरी चालतो, कारण तो आता पाठ केलेला राहत नाही.

मरण आणि हसणे एकत्र आणायला आपल्याला परदेशी जाण्याची गरजही नाही. तोंडावर उलटा हात मारून बोंब मारण्याची कृती आपल्याकडे होळीपुढे होते आणि चितेपुढेही होते. कृती एकच, प्रसंग बदलला की एकदा शिमगा, एकदा शोक. ‘महानिर्वाण’ पाहताना आपण या दोन्ही प्रसंगांच्या मधे कुठेतरी उभे असतो.

बर्व्यांचे गाणे

‘बेगम बर्वे’कडे वळताना एक गोष्ट आधी सांगते. ‘महानिर्वाण’मध्ये साचा सर्वांचा आहे. ‘बेगम बर्वे’मध्ये जो साचा जगाने टाकून दिला, तो एकाच माणसाच्या अंगात उरला आहे. संगीत नाटकांत किरकोळ स्त्रीभूमिका केलेले बर्वे आता उदबत्त्या विकून दिवस काढतात आणि श्यामराव नावाच्या माणसाच्या दहशतीखाली राहतात. दुसऱ्या बाजूला जावडेकर आणि बावडेकर हे एका खोलीत राहणारे दोन कारकून. कचेरीतल्या नलावडेबाई हे जावडेकरांचे स्वप्न. बर्व्यांचे स्वप्न आणि कारकुनांचे स्वप्न एकमेकांत मिसळतात, बर्वेच नलावडेबाई होतात, संसार मांडला जातो, डोहाळे पुरवले जातात. आणि मग श्यामराव ते सारे मोडून टाकतो.

इथेही नाव पाहावे. ‘बेगम’ आणि ‘बर्वे’ हे शब्द एका घरात नांदणारे नव्हेत. ते शेजारी ठेवले की हसू येते आणि थोड्या वेळाने कळते की या माणसाला तरी जगात कोणते घर आहे?

नाटकात जुन्या संगीत नाटकांतील पदे येतात. ‘मानापमान’ १९११ चे, ‘स्वयंवर’ १९१६ चे, ‘एकच प्याला’ १९१९ चे. बालगंधर्वांच्या त्या काळाचे वैभव गोव्यात पुस्तकांतून कळलेले नाही, ते कानांवर आहे. दीनानाथ मंगेशकर आमच्या मंगेशीचे. कला अकादमीच्या संगीत नाट्यस्पर्धेत ही पदे अजूनही गाजतात. प्रेक्षागृहातली निम्मी माणसे मनातल्या मनात ती गात असतात. म्हणून ‘बेगम बर्वे’ गोव्यात वाचताना किंवा करताना एक वेगळाच ताण तयार होतो. आपल्याला जे पूज्य आहे त्याची ही थट्टा आहे काय, असा प्रश्न वडीलधारे विचारतात.

माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्याचे कारण नाटकाच्या रचनेतच सापडते. कारकुनांचे बोलणे कचेरीचे, तुटक, रजा आणि पगाराच्या हिशेबातले. तिथे हसू भरपूर येते. बर्व्यांचे पद आले की भाषा बदलते, लय बदलते, खोलीतले दारिद्र्य काही क्षण दिसेनासे होते. त्या माणसाच्या आयुष्यात अब्रूने उभे राहण्याची जागा गाण्याखेरीज दुसरी नाही. पद संपते आणि ती जागाही जाते. याचा अर्थ असा, की पद सुरेल गायले गेले तरच नाटक उभे राहते. ते बेसूर, वेडेवाकडे गायले तर प्रेक्षक हसतील, पण मग श्यामरावाने मोडण्यासारखे काही उरणारच नाही. ‘महानिर्वाण’मधला भाऊराव आणि ‘बेगम बर्वे’मधले बर्वे या दोन्ही भूमिका थिएटर अकॅडमीत चंद्रकांत काळे यांनी केल्या. दोन्ही ठिकाणी उत्तम गाणारा नट निवडला गेला, यातच विनोद कशावर उभा आहे हे दिसते.

माझी चूक

हे मला आधीपासून कळत होते असे नाही. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयीन कार्यक्रमासाठी मुलांकडून ‘बेगम बर्वे’तले दोन प्रवेश बसवून घेण्याचे काम माझ्याकडे होते. बर्व्यांचे काम करणारा मुलगा हजरजबाबी होता. तालमीत त्याने चाल वाकडी केली, हात नाचवले, पद मुद्दाम चिरक्या आवाजात म्हटले. सगळे खो खो हसले, मीही हसले. “असेच ठेव,” असेही मी म्हणाले. प्रयोगात हशा आणि टाळ्या दोन्ही मिळाल्या.

पेटीवर साथ करणारा आमचा एक विद्यार्थी होता. बोलण्याचालण्यात हळुवार. त्याला वर्गात काय काय ऐकावे लागते याची मला अंधुक कल्पना होती, पण मी त्यात कधी लक्ष घातले नव्हते. प्रयोगानंतर सामान आवरताना तो म्हणाला, “मॅडम, आज लोक बर्व्यांना हसले की मला, ते मला कळले नाही.” रागाने नाही, साध्या आवाजात म्हणाला. मी काहीतरी सारवासारव केली. पुढच्या वर्षी तो साथीला आला नाही.

त्या वाक्याने मला नाटक शिकवले. आम्ही आळेकरांचा विनोद केलाच नव्हता. आम्ही श्यामरावाचा विनोद केला होता. बर्व्यांच्या बायकीपणाला हसणे हे नाटकात श्यामरावाचे काम आहे आणि आम्ही ते सगळ्या सभागृहाकडून करवून घेतले. नाटकात हसू आहे ते दोन कारकुनांच्या केविलवाण्या हिशेबीपणात, स्वप्न आणि कचेरी यांच्या गोंधळात. बर्व्यांच्या गाण्यात ते नाही. ही रेघ संहितेत स्पष्ट आहे. मी ती पुसली आणि तिचा त्रास वर्गातल्याच एका मुलाला झाला.

वर्गासाठी काही सूचना

या अनुभवानंतर मी शिकवण्याची पद्धत बदलली. इतर शिक्षकांना उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात लिहिते.

पहिले, नाटकाचा प्रकार शेवटी सांगावा. ‘कृष्णविनोद’ हा शब्द आधी फळ्यावर आला की मुले तो शोधत वाचतात आणि सापडला की थांबतात.

दुसरे, साचा आधी ऐकवावा. ‘महानिर्वाण’च्या आधी एक खरे कीर्तन आणि ‘बेगम बर्वे’च्या आधी दोन नाट्यपदे वर्गात ऐकवावीत. ज्यांना साचा माहीत नाही, त्यांना त्यातली विसंगती कळणार नाही. त्यांना फक्त विचित्रपणा कळेल. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी नव्या पिढीला कीर्तन कदाचित परके असेल. तिथे ही पायरी जास्तच गरजेची आहे.

तिसरे, वाचताना जिथे हसू येईल तिथे मुलांना समासात खूण करायला सांगावी आणि नंतर प्रत्येक खुणेपुढे एक शब्द लिहायला लावावा. कोणाला हसलो? भाऊरावाला, चाळीला, भाषेला, विधीला की स्वतःला? माझ्या वर्गात ‘स्वतःला’ हा शब्द पहिल्या वाचनात क्वचित येतो. दुसऱ्या वाचनात बऱ्याच वह्यांत दिसतो.

चौथे, प्रयोग किंवा नाट्यवाचन करताना साच्याची नक्कल करू नये, साचा नेटका करावा. कीर्तन खऱ्या कीर्तनासारखे उभे राहिले पाहिजे, पद खऱ्या पदासारखे. या नाटकांतला विनोद साच्याच्या अचूकपणातून येतो. नटाने मुद्दाम हसवायला घेतले की तो मरतो. चांगला कीर्तनकार रंगात आला आहे, श्रोते डोलत आहेत आणि तो सांगतो आहे ते स्वतःचे मरण. हे सरळ केले की पुरते.

२०२४ साली ‘महानिर्वाण’ला पन्नास वर्षे झाली. दरम्यान आपल्या गावांतही स्मशाने बदलली, चाळींच्या जागी इमारती आल्या, सांत्वनाची वाक्ये आता मोबाइलवर हात जोडलेल्या चित्रासह येतात. ती वाक्ये मात्र तीच आहेत. म्हणून नाटक जुने झाले असे मला वाटत नाही.

आजोबांच्या मृत्यूनंतर महिन्याभरात भाऊरावाचे कीर्तन वाचणाऱ्या त्या मुलीला आज मी असे सांगेन. हो, हस. तुझ्या आजोबांना हसायचे नाही, भाऊरावालाही नाही. त्या दिवसांत घरी येऊन गेलेल्या माणसांची वाक्ये आठव, तू स्वतः काय काय बोललीस ते आठव. त्यातले जे खरे होते ते तुझ्यापाशी आहेच. बाकीच्याला हसायला हरकत नाही. आणि हसताना मध्येच थांबावेसे वाटले तर थांब. तू त्या दिवशी थांबलीस, ते बरोबरच केलेस.